दोन फळ्यांचा दिवस

सकाळी साडेसात

शटर वर गेलं की आधी क्लॅम्प बघायचे, उदबत्ती नंतर. काल संध्याकाळी सागवानाच्या पट्ट्या जोडून दोन फळ्या आवळून ठेवल्या होत्या. सोडवल्या, उजेडाकडे धरल्या, सांध्यावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. सांधा बसला असेल तर पुढची कामं धीराने करता येतात. तो उघडला असता तर आजचा दिवस परत जोडणीतच गेला असता.

या फळ्या एका जपानी स्पूल टेपरेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या बाजू होणार आहेत. सत्तरच्या दशकातला डेक, तीन हेडचा, सात इंची स्पूल लागणारा, उभा ठेवायचा. मालक बँकेतून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतले. आतलं यंत्र मेकॅनिककडून नीट होऊन आलंय: रबरी पट्टा नवा, चिमटीत टेप धरणारा रबरी रोलर नवा, हेड साफ. बाहेरून मात्र दशा. मूळ बाजू पार्टिकल बोर्डच्या होत्या, वरून लाकडाच्या रेषा छापलेला विनाइलचा पापुद्रा. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी. कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, आणि एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. उजव्या बाजूचा खालचा कोपरा असा फुगून फुटलाय. डावी बाजू घर बदलताना गेली, कुठे ते कुणालाच आठवत नाही.

सागवान जुन्या तुळईचं आहे. पेठांतले वाडे पडायला लागल्यापासून असलं लाकूड पुण्यात मिळतं, फक्त भाव आता नव्यासारखाच द्यावा लागतो. नवं घ्यायचं तर बल्लारशाचं चांगलं, टिंबर मार्केटात ते नाव घेतल्याशिवाय कुणी बोलणीच सुरू करत नाही. पण मला नऊ-दहा इंच रुंदीची, एकही वेडीवाकडी रेघ नसलेली दोन पानं हवी होती. जुन्या तुळईत ती सापडतात. तुळई अशा अंगाने चिरायची की वर्षवलयं फळीच्या तोंडाशी काटकोनात उभी राहतील. अशी चिरलेली फळी अरुंद निघते, वाया बरंच जातं. म्हणूनच पट्ट्या जोडाव्या लागतात. चिरणारा दर वेळी कुरकुरतो, “एवढं लाकूड फुकट घालवता!” त्याचं बरोबर आहे. फक्त पावसाळ्यात माझी फळी वाकत नाही, ते त्याला दिसायला नको.

सागात तेल असतं. त्यामुळेच तो पाण्यात टिकतो आणि त्यामुळेच चिकटायला नाटकं करतो. जोडायच्या कडेवर रंधा मारला की लगेच ॲसिटोनच्या फडक्याने पुसायचं आणि तसंच चिकटवायचं. कडा रंधून ठेवल्या आणि जेवून आलो, हे चालत नाही. तेल पुन्हा वर येतं.

ओलाव्याच्या मीटरचे दोन दात फळीच्या मागच्या अंगाला रोवले. नऊ टक्के. जानेवारीत पुण्यात एवढंच हवं.

सव्वाआठ

मागच्या खोलीत डेक आहे. शेड आणि ती खोली यांच्यामध्ये दोन दारं ठेवली आहेत आणि दोन्ही एकदम उघडायची नाहीत, हा इथला पहिला नियम. सागाचा भुसा बारीक असतो, त्यात वाळूचा अंश असतो. हत्यारांची धार घालवणारी ती हीच वाळू. टेपच्या वाटेवर ती बसली तर टेपवर ओरखडे आणि हेडवर झीज. डेकवर जुनी दुलई, तिच्यावर प्लास्टिक.

दुसरा नियम लोहचुंबकाचा. तुळईतले खिळे शोधायला माझ्याकडे मोठं चुंबक आहे, कारण चिरताना एक जुना घडीव खिळा लागला तर पात्याचे दात जातात. पण टेपवरचं गाणं म्हणजे चुंबकीय खुणाच. मालकांनी डेकसोबत स्पूलची एक पेटी आणून ठेवलीय. आकाशवाणीवर शनिवारी रात्री लागणारे गाण्याचे कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षं उतरवून घेतले आहेत. ते चुंबक या खोलीत येत नाही. टोकाला स्क्रू चिकटणारे स्क्रू-ड्रायव्हरही नाहीत, कारण नुसत्या हेडला तसलं पोलाद लागलं तरी हेडमध्ये चुंबकत्व उरतं आणि मग प्रत्येक टेपचे तार स्वर थोडे थोडे पुसले जातात. पॉलिशवाले घासायला स्टील वूल वापरतात, तेही बंद. त्याचे बारीक लोखंडी तंतू मोटरकडे धावतात.

माप घ्यायला बसलो. शिकाऊ पोरगा जुनी बाजू घेऊन आला आणि कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायला लागला.

“ती ठेव खाली,” म्हटलं. “माप कुणाचं घ्यायचं?”

“जुन्याचंच ना, मामा?”

“जुनी फुगलीये. माप पत्र्याचं घे.”

लाकडाच्या कामात ही सवय लागायला वेळ लागतो. फर्निचरमध्ये फळी मुख्य असते, बिजागरी तिच्या मापाने बसवतात. इथे उलटं. पत्र्याचा सांगाडा कारखान्यात प्रेसवर निघालाय, त्याच्या भोकांमधलं अंतर आपण ठरवायचं नाही. जुन्या बाजूकडून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या: कडेची गोलाई, आणि न फुगलेल्या वरच्या कोपऱ्यातली जाडी. व्हर्नियर लावला, पंधरा मिलिमीटर. पुढच्या दर्शनी पट्टीच्या मागे ती किती दबून आहे तेही मोजलं. दीड मिलिमीटर आत.

हे पंधरा मिलिमीटर महत्त्वाचे आहेत. बाजारात तयार माल पाऊण इंची मिळतो, सहा सूत, म्हणजे एकोणीस मिलिमीटर. कुणीही म्हणेल, चार मिलिमीटर जास्त झाली तर मजबूतच होईल. आता स्क्रूचा हिशेब मांडा. मूळ स्क्रू पंचवीस मिलिमीटरचा. फळी पंधरा, मागचं प्लास्टिकचं बुच तीन, वॉशर साधारण एक. उरले सहा, ते पत्र्यातल्या आट्यांत जातात. फळी एकोणीसची केली तर आट्यांत दोनच मिलिमीटर जाणार, आणि डेक बाजूंना धरून उचलला की एक दिवस तो हातातून सुटणार. उलट बारा मिलिमीटरची बारीक फळी लावली तर स्क्रू नऊ मिलिमीटर आत घुसतो. या डेकमध्ये खालच्या भोकामागे वायरींची जुडी आहे. जाडी म्हणजे दिसण्याचा प्रश्न नव्हेच.

मागच्या त्या बुचांचंही तसंच. मेकॅनिकने एक काढून फेकलं होतं, बहुधा निरुपयोगी समजून. सांगाड्याच्या पत्र्याला उभ्या चिरा आहेत आणि बुचांमुळे फळी त्यांच्यापासून तीन मिलिमीटर लांब राहते. मोटर तासन् तास चालते, गरम होते. हवा खालून शिरून त्या फटीतून वर जाते. गेलेल्या बुचाच्या जागी नायलॉनचं तेवढ्याच उंचीचं कापून घेतलं.

पत्र्यावर पातळ हार्डबोर्ड धरून आतून भोकांच्या खुणा केल्या, पोकळ टोच्याने भोकं पाडली, चारही स्क्रू हाताने फिरवून बघितले. हा झाला फर्मा. डावी आणि उजवी वेगळी, दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहिलं. आरशातल्या प्रतिमेची गंमत अशी की एकटी फळी टेबलावर असताना दोन्ही बाजू सारख्याच बरोबर वाटतात.

हे स्क्रूही नीट बघून सोडवायचे. जपानी यंत्रांवरचा अधिकचा खाचा आपल्याकडच्या नेहमीच्या फिलिप्ससारखा दिसतो, पण तो त्यांच्या जेआयएस मापाचा असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि खाचा खाऊन टाकतं. जुन्या डेकवरचे स्क्रू बघितले की तो कितीजणांच्या हातांतून गेलाय ते कळतं.

साडेनऊ

मास्क, कानाला बूच, रंधा मशीन. सतरावरून सोळावर आणलं, मग थांबलो. शेवटचा एक मिलिमीटर हातरंध्याने. मशीनच्या पात्याच्या लाटा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण पॉलिश चढलं की खिडकीच्या उजेडात पट्टे उमटतात. हातरंध्याची सळ लांबच लांब निघाली, पातळ, पलीकडचं दिसेल इतकी. जुना साग तासला की चामड्यासारखा वास येतो. तेवढ्यापुरता मास्क खाली करण्याचा मोह होतो, पण सागाच्या धुळीने नाक आणि कातडी दोन्ही चुरचुरतात. माझ्या ओळखीच्या एकाला तर त्यापायी साग सोडून फक्त प्लायवूडचं काम करावं लागतं.

पोरगा विचारत होता, मग आपणही प्लायवूडच का नाही घेतलं. प्रश्न चांगला आहे. पाण्याला टिकणारा, आयएस 710 मार्काचा प्लाय आणि त्याच्यावर सागाचं विनियर, हे कागदावर जास्त शहाणपणाचं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो फुगत-आकसत नाही म्हणावा इतका स्थिर असतो. चौकोनी कडेची बाजू असती तर मी तेच केलं असतं आणि मालकांचे पैसेही वाचवले असते. पण या डेकची पुढची कड गोल आहे, दहा मिलिमीटरच्या त्रिज्येची. विनियर अर्ध्या मिलिमीटरचं. गोलाई काढायला गेलो की विनियर संपून खालचे प्लायचे थर उघडे पडतात. कडेला भरीव सागाची पट्टी लावून तिला गोलाई देता येते, पण मग पट्टी आणि विनियर यांच्यामधली उभी रेघ कायम दिसत राहते, आणि तीही नेमकी समोरच. म्हणून भरीव.

अकरा

चहा. आज गुरुवार नाही, त्यामुळे वीज दिवसभर असायला हरकत नाही. धायरीकडच्या शेडवाल्यांचा आठवडा गुरुवारभोवतीच आखलेला असतो, त्या दिवशी महावितरणच्या देखभालीला मशीनं बंद आणि आमची हाताची कामं चालू.

सव्वाअकरा

आता भोकं. दिवसातला हाच खरा तास.

लाकूड हलतं, पत्रा हलत नाही. सगळी अडचण एवढ्यात आहे. हवेतला ओलावा वाढला की लाकूड तो पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, उन्हाळ्यात सोडतं आणि आकसतं. लांबीत जवळपास काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. ही फळी उभ्या रेषांची, रुंदी 210 मिलिमीटर. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठक्क, जुलैत भिंतींना ओल. घरात ठेवलेल्या लाकडाच्या ओलाव्यात या दोन टोकांमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज धरावा. तेवढ्यावर साग, नेहमीसारखा चिरलेला असेल तर, या रुंदीत सुमारे दोन मिलिमीटर हलतो. वलयं उभी येतील असा चिरलेला असेल तर एकच. तुळई चिरताना घातलेलं लाकूड इथे वसूल होतं.

पण एक मिलिमीटर तरी उरतोच. चारही स्क्रू घट्ट बसवले तर फळीला जायला जागा नाही. मग ती पापडासारखी वाकते, नाहीतर सांध्यात चिरते. म्हणून पुढची दोन भोकं गोल आणि नेमकी, स्क्रू जाईल एवढीच. मागची दोन लांबट, आडवी, स्क्रूच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मिलिमीटर मोकळी. फळी पुढच्या बाजूला घट्ट, मागे सरकायला मोकळी. पुढे घट्ट अशासाठी, की दर्शनी पट्टीपासूनचं ते दीड मिलिमीटरचं अंतर बारा महिने तेवढंच राहिलं पाहिजे. मागे एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर भिंतीला दिसेल.

फर्मा फळीवर दुतर्फा टेपने चिकटवला. गोल भोकं ड्रिल स्टँडवर पाडली, खाली टाकाऊ फळी दाबून, म्हणजे बाहेर पडताना लाकडाचा कपचा उडत नाही. लांबट भोकांसाठी दोन्ही टोकांना आधी भोकं, मधलं राउटरने, उरलेलं बारीक कानशीने. पोरगा म्हणाला, ही भोकं बाहेरून बेढब दिसतील. त्यासाठी पितळेचे वाटी वॉशर आहेत. मूळ डेकवरही होतेच. त्यांची कड भोकापेक्षा मोठी, त्यामुळे पुढची गोल आणि मागची लांबट बाहेरून सारखीच दिसतात. जपानी कारखान्याला लांबट भोकं करायची गरज नव्हती, पार्टिकल बोर्ड आडवा-उभा असा भेद करत नाही. आपण साहित्य बदललं, तर जोडणी जशीच्या तशी ठेवून कसं भागेल?

गोलाई काढायला राउटरला दहाचं पातं. एका घासात नाही, तीन उथळ घासांत. वरच्या आणि खालच्या कडा आधी, रेषांच्या आडव्या. तिथे शेवटी कपचा उडाला तरी नंतर उभी कड काढताना तो जातो. हा क्रम उलटा केला की कोपरा गेला.

दीड

डबा. अर्धा तास आडवं.

सव्वादोन

मालक आले. सोबत एक जुना रंगीत फोटो: दिवाणखाना, शोकेस, तिच्यावर हा डेक, बाजूला टोपी घातलेलं मूल. फोटो माझ्या हातात देऊन म्हणाले, “बघा मिस्त्री, असा काळसर हवा. पहिला होता तस्सा. अक्रोटाचा.”

“काका, पहिला अक्रोटाचा नव्हता. अक्रोटाचा फोटो होता.”

त्यांना ते पटेना. फुटलेल्या कोपऱ्याशी विनाइल सुटलं होतं, ते पुढे केलं. खाली भुशाचा बोर्ड, वर छापील रेषा. लक्ष देऊन पाहिलं तर ठरावीक अंतरावर तीच गाठ परत येते. काका बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिले.

त्या काळी असंच होतं. स्पूल डेक ही महागाची वस्तू, दिवाणखान्यात ठेवायची, तेव्हा ती फर्निचरसारखी दिसावी ही सगळ्याच कंपन्यांची धडपड. स्वित्झर्लंडचा रेव्हॉक्स ए 77 हा 1967 सालचा, तो अक्रोटाच्या विनियरच्या पेटीत यायचा. ओस्लोची टँडबर्ग कंपनी तर साठच्या दशकात आपली मशिनं सागवानी पेटीत घालायची. नॉर्वेत साग उगवत नाही. ब्रह्मदेश-थायलंडकडचा साग जहाजाने तिकडे जायचा आणि स्कँडिनेव्हियाच्या घरांत तेव्हा सागाचीच चलती होती. ही कंपनी वेब्यर्न टँडबर्ग यांनी 1933 साली काढली, 1978 साली ती बुडाली, पण तिची सागवानी मशिनं अजून लोक जपून वापरतात. काकांना एवढं सांगितल्यावर साग हा काही हलका पर्याय नव्हे, हे त्यांच्या गळी उतरलं. रंग मात्र उतरेना.

“सागालाच काळा रंग द्या की. डाग देतात ना तुमच्यात.”

देता येतो. मी दिला नसता असंही नाही, गिऱ्हाइकाचं घर आहे. पण माझं मत मी सांगितलं. सागाला गडद स्टेन दिला की त्याची उघडी छिद्रं आधी रंग पितात, काळ्या ठिपक्यांच्या रांगा उठतात. अक्रोट त्याने होत नाही, मळका साग होतो. खरा अक्रोट हवा तर काश्मिरी मिळतो, पण तो या फोटोतल्यापेक्षा बराच फिका. फोटोतली छपाई अमेरिकेच्या काळ्या अक्रोटाची नक्कल आहे. म्हणजे आपण खऱ्या लाकडाला रंगवून नकलेसारखं करायचं, आणि नक्कल ज्याची केली ते झाड तिसऱ्याच देशातलं. मापात मी इमानदारी सोडणार नाही, भोक इकडचं तिकडे होणार नाही. रंगात इमान कुणाशी राखायचं तेच इथे कळत नाही.

शब्दांनी हे मिटत नाही, म्हणून नमुन्याची पट्टी काढली. याच तुळईचा तुकडा. एका भागावर साधी पिवळी लाख, दुसऱ्यावर बटन लाख, तिसऱ्यावर स्टेन आणि वर लाख. बटन लाख कमी गाळलेली, तिचा रंग तांबूस-तपकिरी. ही लाख आपल्याचकडची, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात. काकांनी पट्टी खिडकीशी नेली, ट्यूबलाइटखाली आणली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली.

“ही मधली. पण अजून एक हात गडद.”

“हात वाढवले की होतं गडद. स्टेन नको?”

“नको. ते ठिपके दिसतायत.”

जाताना स्पूलच्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, 1800 फुटांच्या टेपवर कमी वेगाला एका बाजूला दीड तासाची मैफल पुरून उरते. हिशेब बरोबर आहे. सेकंदाला पावणेचार इंचांनी शहाण्णव मिनिटं होतात. वेग दुप्पट केला तर आवाज खुलतो, पण अठ्ठेचाळीस मिनिटांत टेप संपते आणि विलंबित ख्याल अर्ध्यात तुटतो. काकांनी मैफल पुरी घेतली, वेगाकडे बघितलं नाही. मला हे आवडलं.

साडेतीन

घासकाम पोराकडे. आधी 120चा पॉलिश पेपर, मग 180, मग 240. रेषांच्या दिशेनेच, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. गोल कडेवर मात्र ठोकळा नाही, तळहात. प्रत्येक नंबरानंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात बघायचं. ओलं असताना आधीच्या कागदाचे ओरखडे उठून दिसतात आणि रंगाचाही अंदाज येतो. 240च्या पुढे गेलो नाही. सागाला फार गुळगुळीत केलं की लाख धरायला त्याला काही उरत नाही.

मी तोवर एका रेडिओच्या पेटीची कड जोडली. ते काम वेगळं.

पावणेपाच

कोरडी बसवणी. दोन्ही फळ्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केल्या, अंगावरचा शर्ट बदलला, हात धुतले, मग मागची खोली.

उजवी आधी. पुढचे दोन स्क्रू हाताने चार आटे, मागचे दोन सैल. फळी स्वतःहून जागेवर गेली, दाबावी लागली नाही. दाबून बसणारी फळी मी परत काढतो. दाब आज माझ्या हाताचा असतो, उद्या तो पत्र्यावर असतो. पत्रा कणभर पिळला तरी टेपच्या वाटेवरच्या खुंट्या एका रेषेत राहत नाहीत. फळीने डेकला आकार द्यायचा नसतो, नुसतं अंगाला लागायचं असतं.

दर्शनी पट्टीमागची फट वर, मध्ये, खाली मोजली. वर दीड, मध्ये दीड, खाली एक पूर्णांक सहा. तिथे फर्म्याचा दोष नाही, पट्टीच जुन्या कुठल्याशा धक्क्याने किंचित पुढे आली आहे. ती सरळ करायचं काम माझं नाही, मेकॅनिकला कळवायचं. मागच्या लांबट भोकांत स्क्रू मधोमध आला. जानेवारीत फळी फार फुगलेली नसते, फार आकसलेलीही नसते, म्हणून आज तो मध्येच हवा. एप्रिलमध्ये बसवली असती तर फळी आकसलेली गृहीत धरून स्क्रूच्या पुढच्या अंगाला जास्त जागा ठेवली असती.

मग रिकामी स्पूल दोन्ही खुंट्यांवर चढवून बोटाने फिरवली. सात इंची स्पूलला या डेकवर अडचण नव्हतीच, पण बघितल्याशिवाय सोडत नाही. साडेदहा इंची स्पूल लागणारी मशिनं येतात, त्यांची स्पूल काही वेळा सांगाड्याच्या कडेबाहेर डोकावते. तिथे बाजूची फळी दोन मिलिमीटर पुढे आली तर स्पूलची कड तिला घासते आणि गाण्याला एका ठेक्यात घर्रघर्र जोडली जाते.

फळ्या परत काढल्या. आतल्या तोंडावर पेन्सिलने लिहिलं: उजवी, जुना साग, जाडी पंधरा, स्क्रू चार मिलिमीटर जाड आणि पंचवीस लांब, मागची भोकं मुद्दाम लांबट, मागचे स्क्रू पिळून आवळू नयेत. तसंच डावीवर. पुढे कुणी उघडेल त्याला ही लांबट भोकं चुकीची वाटून तो ती लांबीने बुजवायची शक्यता फार. मी स्वतः दुसऱ्यांची अशी कामं बघून आधी नावं ठेवतो, मग कारण शोधतो.

साडेपाच

लाखेचा पहिला हात. बटन लाख स्पिरिटमध्ये काल रात्रीच भिजत घातली होती, सुती कपड्यातून गाळून घेतली. कापसाची पोटली, वरून जुन्या धोतराचं मऊ कापड. पोटली फळीवर टेकवायची नाही, विमान उतरावं तशी तिरपी आणायची हेही नाही, सरळ एका कडेवरून आत शिरायचं आणि पलीकडच्या कडेवरून बाहेर. मध्ये थांबलं की तिथे खाली विरघळतं. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. पंधरा-वीस मिनिटांत हाताला वाळतो, मग दुसरा.

लाखच का, पॉलीयुरेथेन का नाही, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. पॉलीयुरेथेन कडक, पाण्याला दाद न देणारं, दिवाणखान्याच्या टेबलाला मी तेच देतो. इथे कुणी गरम कप ठेवणार नाही. लाखेचं काम पुढे-मागे ओरखडा पडला तर स्पिरिटच्या फडक्याने तेवढ्याच जागेवर पुन्हा जुळवता येतं, पॉलीयुरेथेनला सगळं खरवडावं लागतं. पावसाळा असता तर गोष्ट वेगळी. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, जुलैत मी हे काम हातात घेत नाही.

आतल्या तोंडालाही तेवढेच हात. कमी नाहीत. बाहेरून लाख आणि आतून कोरं असं ठेवलं तर आतली बाजू ओलावा झटपट पिते, बाहेरची सावकाश, आणि एवढ्या खटाटोपाने सरळ ठेवलेली फळी बाक धरते. बिलात ही ओळ मी वेगळी लिहितो, आणि दर वेळी तिच्यावरूनच वाद होतो.

सात

झाडलोट. सागाची सळ एका पोत्यात, पॉलिशची फडकी पत्र्याच्या डब्यात झाकण लावून. पोरगा गेला.

काकांचा फोन. शनिवारी संध्याकाळी न्यायला येऊ का म्हणाले. रात्री कोणी पाहुणे आहेत, त्यांना एक जुनी टेप ऐकवायची आहे. अजून चार-पाच हात बाकी आहेत, आणि लाख बोटाला वाळली तरी आतून घट्ट व्हायला तिला आणखी वेळ लागतो. लवकर स्क्रू आवळले तर वॉशरचा ठसा उमटतो, मागची बुचंही चिकटून बसतात. हे सांगितलं. ते म्हणाले, मग बाजू न लावताच द्या, टेप तर वाजेल? वाजेल. बाजूंचा आणि वाजण्याचा तसा संबंध नाही. फक्त उघड्या चिरांतून कुणा मुलाने काही आत टाकू नये, तेवढं बघा म्हटलं. शिवाय खाली वायरींची जुडी मोकळी आहे.

“आतल्या पॉलिशचे पैसे जरा जास्त नाही का लावले?” फोन ठेवता ठेवता विचारलंच.

“काका, ते कमी करायचे तर फळी वाकल्यावर परत आणायची नाही, असं लिहून द्या.”

हसले. शेवटी डेक शनिवारी तसाच न्यायचा, पुढच्या गुरुवारी वीज नसताना मी स्वतः पेठेत जाऊन बाजू बसवून द्यायच्या, आणि येण्या-जाण्याचे वेगळे घ्यायचे नाहीत, यावर मिटलं.